गाळून, उकळून गार केलेलं पाणी

माधवनगरच्या आमच्या घरातली माशांची पेटी सासऱ्यांनी हौसेने मांडलेली. ते गेले, मागोमाग एकेक मासाही गेला आणि त्यांच्या हातचा एकच सोनेरी मासा उरला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्याशी बोलायच्या. गॅस संपल्यापासून गुडघा दुखण्यापर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायच्या.

त्याला सोबत म्हणून माझ्या नवऱ्याने एक निळा मासा आणला. दिसायला देखणा, पण त्या जातीला शेजारी खपतो का, हे दुकानात विचारायचं याला सुचलं नाही. वाढला तशी निळ्याने अर्धी पेटी बळकावली. त्याची हद्द मोडावी म्हणून मी आतले दगड हलवले. दोन कोपऱ्यांत वेगवेगळं खाणं टाकलं. तेवढ्यापुरता गप्प बसायचा आणि पुन्हा सोनेरीच्या मागे लागायचा. मी काचेसमोर उभी राहून त्याला चक्क शिव्या द्यायचे.

एका संध्याकाळी कामावरून आले तर आत्या पातेल्यावर वाकलेल्या. सोनेरी माशाची शेपटी कुरतडलेली, म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं. पण पातेल्यात तो वर येऊन नुसता आ वासत होता.

"पाणी कुठलं घातलंय?"

"आपलं प्यायचं. गाळून, उकळून गार केलेलं. जखमी जिवाला कच्चं कसं घालू?"

आम्ही जैन. पाण्यातल्या जिवांना जपायचं म्हणून आत्या तेच पाणी पितात. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी त्यांनी त्याला दिलं होतं.

"आवं आत्या, उकळल्यावर पाण्यातली हवा जाती! गुदमरतोय त्यो!" मी ओरडलेच.

मुंगीसुद्धा फुंकून बाजूला करणारी ही बाई. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे मीच मारतीय व्हय त्याला?"

त्याला पेटीत हवा सोडणाऱ्या पंपाच्या बुडबुड्यांपाशी न्यायला हवं होतं आणि पंपापाशी निळा बसलेला. मी निळ्याला पातेल्यात टाकायला निघाले, तर आत्यांनी माझा हात धरला. "त्यो बी गुदमरंल की."

शेवटी फळं धुवायची जाळीची टोपली पंपाजवळ बुडवली आणि सोनेरीला तिच्यात सोडलं. तो आडवाच पडला. निळा टोपलीला धडका द्यायला लागला, ती सरकायला लागली. आत्यांनी कोपरापर्यंत हात घालून ती धरली.

स्वयंपाकघरात त्यांचं ताट वाढलेलं होतं. दिवस मावळला की त्या जेवत नाहीत, पाण्याचा घोटही घेत नाहीत.

"मी धरते आत्या. तुमी जेवून घ्या."

"माझ्या हातानं झालंय. मीच धरणार."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. निळ्याने त्यांचं बोट दोनदा चावलं, त्यांनी हात काढला नाही. मला माशाची काळजी वाटत होती आणि त्यांचीही. हा मेला तर ही बाई उद्याही जेवणार नाही, हे मला ठाऊक होतं.

समोरच्या घरात दिवे लागले. तेव्हा कुठे सोनेरीचे कल्ले नीट हलायला लागले आणि हळूहळू तो सरळ झाला.

"मावळला का गं दिवस?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

मग आत्या पंपापाशी घिरट्या घालणाऱ्या निळ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला तरी खायला घाल. सकाळपासनं उपाशी हाय."

मी रागारागाने चिमूटभर दाणे टाकले आणि तिथेच मला रडू फुटलं.