शिटी नसलेला कुकर

रविवारी सकाळी माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने माझ्या स्वयंपाकघरात कुकरने मारलं. मंगळवारी दवाखान्यात तिचा जीव गेला.

त्या रविवारी रव्याचा केक होता. ज्यांच्या घरी ओव्हन नाही आणि ज्यांनी आयुष्यात कधी केक केलेला नाही, अशा बायकांसाठी ती दर रविवारी माझ्याकडे वर्ग घ्यायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, एकटी राहते. ती माझ्याहून लहान. दिवाळीनंतर नवऱ्याचं घर सोडून ती माझ्याकडे आली, तेव्हा तिची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. ती बोटं चौकटीवर धरून त्याने दार लोटलं होतं. पुढे हाड जुळलं, पण एक बोट वाकडंच राहिलं. पीठ फिरवताना ते चमच्यापासून वेगळं उभं राहायचं.

परत जायचं नाही, हे तिने ठरवलं होतं आणि त्याला सांगितलंही होतं. तक्रार करून झाली होती. तरी तो मधूनमधून गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसायचा. एकदा वर्ग चालू असताना आत आला आणि चॉकलेटच्या पिठाचं पातेलं भिंतीवर फेकून गेला. मी फडकं घेऊन पुसायला लागले तर ती म्हणाली, "राहू दे ताई. पीठ किती सैल असावं ते ह्यावरून दाखवता येईल. बघ, ओघळ कुठे थांबलाय." बायका हसल्या. मग तिने सगळ्यांना खरंच ते ओघळ दाखवले.

तिची शिकवायची पद्धत साधी होती. रवा, साखर, दही आणि थोडं तेल कालवून झाकून ठेवायचं. रवा फुगला की दुधाने सैल करायचं. सोडा अगदी शेवटी, आणि सोडा पडला की गप्पा बंद. जोरात घोटायचं नाही, एकाच बाजूने हळू फिरवायचं. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही. तळाला मीठ पसरायचं, त्यावर जाळी, जाळीवर डबा. झाकणाचं रबर काढायचं, शिटी काढायची, म्हणजे वाफ कोंडत नाही. ते मीठ मग भाजीला चालत नाही. भाजून तपकिरी होतं, ते वेगळ्या बरणीत ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचं.

शिटीचं तिला दर वेळी सांगावं लागायचं ते एका मावशींमुळे. त्या मखमलाबादकडून यायच्या, त्यांची झेंडूची शेती. घरी पहिल्यांदा केक केला तेव्हा शिटी होईना म्हणून त्यांनी दोनदा झाकण उघडून पाहिलं आणि केक खाली बसला. दुसऱ्या खेपेला शिटी लावूनच टाकली. "लय चिकाट झाला व्हता," त्या सांगत होत्या, "म्हशीनं बी तोंड फिरवलं." बहीण हसून हसून ओट्याला टेकली. मग तिने आमच्या कुकरची शिटी काढून त्यांच्या हातात दिली. म्हणाली, आजपासून शिटी तुमच्या ताब्यात, पदराला बांधा, केक बाहेर निघेपर्यंत सोडायची नाही. तेव्हापासून दर रविवारी आल्या आल्या मावशी आधी शिटी मागून घेत आणि पदराला गाठ मारत.

आमच्या कॉलनीत चौदा एप्रिलला, जयंतीला, मोठा केक कापतात. त्या वर्षी तो विकत आणायचा नाही, वर्गातल्या प्रत्येकीने आपापल्या कुकरमध्ये एकेक केक करायचा आणि सगळे जोडून एक मोठा मांडायचा, असं ठरलं होतं. बहिणीचं ते पहिलं मोठं काम. तो रविवार त्याच्या सरावाचा होता.

डबा कुकरमध्ये ठेवून झाला होता. बायका बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, मी चहा देत होते. ती आत एकटी होती. आधी एक दणका ऐकू आला, मग लगेच दुसरा, मग भांडी पडली.

मी आत गेले. तो मागच्या दाराने आला होता. ती ओट्याखाली पडली होती. कपाळ फुटून एका बाजूने आत गेलं होतं. तापलेलं मीठ तिच्या चेहऱ्यावर, गळ्यावर चिकटलं होतं आणि जिथे चिकटलं तिथली कातडी सुटत होती. कच्चा केक तिच्या केसांत होता. कुकर फरशीवर कलंडलेला.

"कुकर फुटला," तो म्हणाला. "मी आलो आणि फुटला."

आम्ही ते खरं मानलं. कुकर फुटतो हे प्रत्येकीच्या मनात असतंच. कोणीतरी गॅस बंद केला, कोणी पाणी आणलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, माझे तळहात भाजले. तो सांगतच होता, आवाज केवढा झाला, झाकण कसं उडालं.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सावकाश पदराची गाठ सोडली आणि हात पुढे केला.

"शिटी माझ्यापाशी हाय," त्या म्हणाल्या. "फुटंल कसा?"

तो मागच्या दाराकडे वळला. एकीने दार लोटून कडी लावली. दुसरीने पोळपाट त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली आला, तेव्हा सगळ्याजणी त्याच्यावर होत्या. लाटणं, पातेलं, हाताला लागेल ते. मी बहिणीचं डोकं कोणीतरी आणलेल्या उशीवर ठेवलं, सांडशी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज मला आजही आठवतो. त्याचं वाईट वाटत नाही. पोलीस येईपर्यंत तो दोन ओढण्यांनी बांधलेला होता.

अँब्युलन्स द्वारका चौकात गर्दीत अडकली. मी आत बसून तिच्या गळ्यावरचे मिठाचे खडे ओल्या कापसाने काढत होते. ती शुद्धीवर आली नाही, नंतरही नाही.

जयंतीला बायकांनी केक केले. दोन बसले, एक करपला. तसेच जोडून मांडले. कॉलनीने ते संपवले.

कोर्टात त्याच्या वकिलांनी कुकर फुटल्याचंच सांगितलं. मावशींना विचारलं, शिटी तुमच्याकडे कशी. त्यांनी म्हशीपासून सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. मला त्याच्या दातांबद्दल विचारलं, मी मारलं म्हणून सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. त्याने अपील केलं आहे.

वर्ग बंद आहे. चॉकलेटचा डाग भिंतीवर आहे. कुकर, झाकण आणि शिटी कोर्टात जमा आहेत. फरशीवरून झाडून घेतलेलं मीठ माझ्याकडे बरणीत आहे.