भागवतचं वेड

वडनेर भोलजीच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणाऱ्या कोकिळेचा भागवतच्या वेडावर काडीचाही विश्वास नव्हता. भागवत तिचा चुलतदीर. दोन्ही घरांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून दोन वर्षं धुसफूस चालली होती, आणि त्याच बांधावर त्यानं तिच्या नवऱ्याच्या, गोविंदाच्या डोक्यात कुदळ घातली; गोविंदा तिथंच गेला. आता भागवतचा वकील म्हणत होता, आपण काय करतोय याचं त्याला भानच नव्हतं; अशा माणसाला कायदा दोषी धरत नाही.

"धुऱ्याच्या मोजणीच्या वक्ती तर लय शहाना होता!" कोकिळा म्हणाली.

भागवतची बायको महामाया गावात सांगे, की गोविंदा विहिरीत विष कालवतो असं तो महिनाभर बोलत होता, घरचं पाणी पीत नव्हता. तिनं डॉक्टरची जुनी चिठ्ठीही वकिलाकडे दिली. कोकिळेला ती शाई ताजी वाटली.

साक्षीच्या दिवशी सकाळी कोकिळेनं, भाकर घेऊन शेतात पोचताना जे पाहिलं, ते कोर्टात सांगितलं. जेवणाच्या सुटीत व्हरांड्यात पोलिसांमध्ये बसलेला भागवत बायकोला विचारत होता, "तुरीले पाणी देलं काय?"

कोकिळा तडक सरकारी वकिलाकडे गेली. "सायेब, तुरीले पाणी द्याचं समजते त्याले, अन् मानूस मारू नये हे नाई समजत?"

"बाई, तुरुंगात वर्षभर गोळ्या चालू आहेत त्याच्या. आज तो कसा आहे हा प्रश्नच नाही. त्या घडीला कसा होता, एवढंच कोर्ट बघणार."

दुपारी उलटतपासणी झाली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "मारल्यावर तो पळाला?"

"नाई."

"मग काय केलं त्यानं?"

 हे कोकिळेला पोलिसांनी विचारलं नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो सुटणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? पण भागवत तेव्हा जे बोलला, ते गोविंदाच्या कानावर पडलेले शेवटचे शब्द होते. ते गिळून टाकायला तिचं मन धजेना.

"त्यायचं डोस्कं मांडीवर घेतलं," ती म्हणाली. "म्हने, दादा, ऊठ न. वैनी भाकर घेऊन आली."

निकाल लागला. मारलं भागवतनंच, पण वेडाच्या भरात, म्हणून निर्दोष. मात्र घरी नाही, सरकारी मनोरुग्णालयात ठेवायचं. महामाया पाया पडायला वाकली तशी कोकिळा मागं सरली.

"तुह्या नवऱ्यासाठी नाई बोलली मी."

मग तिनं सरकारी वकिलाला गाठलं. "त्याले सोडाचं कोन ठरवते?"

"डॉक्टर लिहितील, मग सरकार."

"मंग अर्ज लिहा. तो बरा झाला म्हनतीन तवा मले आधी त्याच्यासंगं बोलू द्या. मी वळखीन."

कायद्यात तशी सोय नव्हती. तरी वकिलानं लिहून दिलं. कोकिळेनं अर्ज दोनदा वाचला, आणि मगच सही केली.