सुझान्नाचा कोळसा

४ ऑक्टोबर २०१० रोजी सुझान्ना पेन्नरने एकवीस हजार सहाशे तेंगे मोजून तीन टन कोळसा घेतला. शेडमध्ये रचून घेतला, वर ताडपत्री घातली, दोरीला स्वतः गाठी मारल्या आणि त्याच महिन्यात ती गेली.

त्या गाठींना तिच्या नवऱ्याने, कोर्नेईने, हात लावला नाही. दारामागे मागच्या वर्षीचा थोडा ढीग उरला होता. त्यातलाच बादलीभर आणून तो स्वयंपाकघरातली चूल पेटवायचा आणि तिथेच बाकावर झोपायचा. बाकीच्या खोल्यांत भिंतींना बर्फ धरला होता. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तसं कशाचंच वाटत नव्हतं. खाणीत विजेची कामं करण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस हल्ली चहात साखर पडली की नाही, तेही सांगू शकला नसता.

रविवारी मात्र तो प्रार्थनागृहात जायचा. पाय आपोआप जायचे. उपदेश संपला की पाळक लेव्हेन गरजा विचारायचे. ज्याची गरज असेल त्याने उठून सांगायची आणि दुसऱ्या कुणीतरी उभं राहून त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. कुणी उठलं नाही की कोर्नेई उठायचा. चाळीस वर्षांचे शब्द तोंडात बसलेले. ते म्हणायला तो स्वतः हजर असण्याचीही गरज नव्हती.

जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत बगदागुल उठली. बेकरीत काम करणारी ही कझाख बाई नुकतीच मंडळीत येऊ लागली होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, घरातला कोळसा संपलेला, वखारीतही शिल्लक नाही. कोर्नेई उभा राहिला. "प्रभू, या घरात ऊब दे. कुणाचं तरी मन हलव." सगळे आमेन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फावरून ओढायची गाडी आणि पोती घेऊन त्याच्या फाटकात हजर.

"काका, आले बघा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? काल सगळ्यांदेखत माझ्यासाठी मागितलंत ना?"

"मी देवाकडे मागितलं."

"मग? काय म्हणाला तो?"

कोर्नेईने जरा विचार केला. "अजून काही नाही."

"मग माझ्या सासूला तुम्हीच सांगा थांबायला. माझं ती कधी ऐकत नाही." तिने वर बघितलं. "तुमच्या धुराड्यातून तर धूर निघतोय."

"आहे तो सुझान्नाचा आहे."

"बोलवा त्यांना. त्यांनाच विचारते."

"ती वारली."

बगदागुल गाडीवरच बसली. गेली मात्र नाही.

कोर्नेई शेडमध्ये गेला. दोरी लाकडासारखी कडक झाली होती. चाकू खिशात होता, पण तो काढला नाही. हातमोजे उतरवून तो एकेक गाठ सोडवत राहिला. बोटं बधिर झाली. सुझान्नाच्या हातचं आता घरात काही उरलं नाही, असं त्याच्या मनात आलं, पण रडू आलं नाही. त्याने फावडं उचललं.

गाडीवर मावेल तेवढ्याने काय होणार? त्याने शेजारच्या तुलेगेनला जीप काढायला लावली.

"म्हातारबा, या थंडीत? पेट्रोल काय प्रभू भरणार?" तुलेगेन ओरडला.

"पैसे मी देतो. आता नाहीत, नंतर."

बगदागुलच्या घरी सासू कोटांच्या ढिगाखाली पडली होती. फक्त नाक दिसत होतं. कोर्नेईने राख काढली, धुराडं साफ केलं, चूल पेटवली. विटा तापायला वेळ लागला. तो वाट बघत बसला. आत काहीतरी हलेल, असं त्याला वाटलं होतं. काही हललं नाही.

"आता प्रार्थना म्हणा काका," बगदागुल म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एकही शब्द आला नाही. त्याने वाकून आणखी एक फावडं कोळसा आत टाकला. म्हातारीने कोटांखालून एक हात बाहेर काढला.

"कोण गं हा?" तिने सुनेला विचारलं. "झाकण लावायला सांग त्याला. धूर होतोय."

पुढच्या रविवारी एक म्हातारे गृहस्थ उठले. छपराचा पत्रा उडाला होता. कुणी उठेना, तेव्हा कोर्नेई उठला.

"घर कुठं तुमचं?" त्याने विचारलं.

"बंधू कोर्नेई, आधी प्रार्थना," पाळक हळूच म्हणाले.

"करतो. पण घर कुठं?"

गृहस्थांनी पत्ता सांगितला. मग कोर्नेईने डोळे मिटले. दोनच वाक्यं म्हणाला, तीही अडखळत.

तुलेगेनच्या पेट्रोलचे सातशे तेंगे अजून द्यायचे आहेत.