पहिल्या बँडचे मेश्रामकाका

मेश्रामकाका रॉक कॉन्सर्टला पोचायचे तेव्हा मैदानात खुर्च्या पुसणं चाललेलं असायचं. पासावर सहाची वेळ असली तर काका साडेचारला हजर. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, पायात रेल्वेचे काळे बूट, खिशात दोन पेनं. ते सरळ स्टेजच्या मागे जायचे. तिथं तारा जोडत बसलेल्या पोरांपैकी ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे, त्यांच्यासमोर उभे राहून वही उघडायचे. “पूरा नाम बताओ बेटा. घर वाला नहीं, मार्कशीट वाला.”

ही पोरं म्हणजे त्या संध्याकाळचा पहिला बँड. मुंबई-दिल्लीचा मोठा बँड येण्याआधी अर्धा तास वाजवायला ज्यांना उभं करतात ते. लोक तेव्हा जागा शोधत असतात, पॉपकॉर्न घेत असतात, ओळखीच्यांना हात करत असतात. काका तेवढा अर्धा तास डोळे मिटून उभे राहायचे. मधे कोणी बोलायला आलं, तर डोळे न उघडता हातानं थांबवायचे.

राज्य नुकतंच नवं झालं होतं आणि रायपूर राजधानी. कॉलेजं निघाली, मोटारींची दुकानं निघाली, आणि त्यांच्या मागोमाग कॉन्सर्टही येऊ लागल्या. मी एका हिंदी दैनिकाच्या शहर पुरवणीत लागले होते. कोणता कार्यक्रम, कुठं, किती वाजता, कोण लिहिणार, मजकूर किती वाजता येणार, हे सगळं माझ्या यादीत असायचं. काका रेल्वेच्या मालविभागात बाबू होते आणि आमच्यासाठी कॉन्सर्टची समीक्षा लिहायचे. लिहायचे हिंदीत. माझ्याशी बोलायचे मात्र नागपूरकडच्या मराठीत, कारण तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या ऑफिसात ती बोलणारी मी एकटीच होते; संपादकांना ती समजायची तेवढी, म्हणून वाद निघाला की त्यांनाही मराठीतच ऐकवायचे.

त्यांच्या समीक्षेत तीन परिच्छेद पहिल्या बँडचे असत. मोठा बँड शेवटच्या चार ओळींत. संपादक वैतागायचे. “मेश्रामजी, लोग टिकट किसका लेकर आए थे?”

“साहेब, तिकीटवाल्याले पाच हजार लोक ऐकतेच,” काका म्हणायचे. “पह्यल्याले कोण ऐकते? खुर्च्या. मी खुर्च्यांच्या तर्फेनं लिवतो.”

एकदा एक नावाजलेला बँड तीन तास उशिरा स्टेजवर आला. दुसऱ्या दिवशी काकांनी बिलासपूरच्या पहिल्या बँडवर पाऊण कॉलम लिहिला आणि खाली एकच ओळ : ‘इसके बाद मुख्य बैंड ने भी बजाया.’ ती ओळ शहरात आठवडाभर फिरत होती.

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. लहानपणी रेल्वे कॉलनीत शेजारी एक म्हातारे गार्डसाहेब राहायचे, त्यांच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या होत्या. काका त्यांच्या खिडकीखाली बसून ऐकायचे. पुढं जयंतीच्या मिरवणुकीत मोठा ढोल त्यांच्या गळ्यात असे. “मिरवणुकीत पुढचा लेझीमवाला दिसते, झेंडेवाला दिसते. ढोलवाला कोनाले दिसत नाई. पण तो चुकला का सारी मिरवणूक लंगडते.” मग घाईनं जोडलं, “मी नाई चुकलो कधी. तुझ्या काकूले इचार.”

वाईट वाजवणाऱ्याला ते वाईटच म्हणायचे. पण कुठं, कोणत्या गाण्यात, का, हे लिहायचे आणि नाव घेऊन लिहायचे. “कारण दिलं नाई तं ते समीक्षा नाई, शिवी आहे. आन शिवी तं फुकट भेटते रस्त्यावर.”

आता त्या शुक्रवारबद्दल.

मोठ्या मैदानावर कॉन्सर्ट होती आणि आधी वाजवायला दोन स्थानिक बँड. माझ्या यादीप्रमाणे पहिला ‘नीली धूप’, इंजिनिअरिंग कॉलेजचा; दुसरा ‘पाँचवाँ गियर’, भनपुरीचा. दुपारी आयोजकांच्या ऑफिसातून फोन आला : कॉलेजच्या मुलांचं काही अडलंय, भनपुरीवाले आधी वाजवतील. मी हो म्हटलं. त्या वेळी माझ्या एका हातात दुसऱ्या पानाचं प्रूफ होतं. पाच मिनिटांत यादीत बदल करू, असं ठरवलं आणि विसरले.

नेमके त्याच दिवशी काका ऑफिसच्या कामानं अभनपूरला गेले होते. परतीला अरुंद रुळांवरची छोटी गाडी, तीही रखडली. ते मैदानावर पोचले तेव्हा पहिला बँड शेवटच्या गाण्यावर आला होता. पोलिसांनी कठडे लावलेले. स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती. त्यांनी मला फोन केला. “वंदना, हा कोण वाजवून राहिला? ड्रमवाला आयक जरा!” त्यांनी फोन हवेत धरला असावा. मला नुसता गोंगाट ऐकू आला.

मी यादी पाहिली आणि ठामपणे सांगितलं, “नीली धूप.” ड्रमरचं नावही यादीतूनच वाचून दाखवलं. दुसऱ्या बँडच्या नावाची घोषणा गोंगाटात कठड्यापर्यंत पोचलीच नाही.

शनिवारी समीक्षा छापून आली. काकांनी लिहिलं होतं, की नीली धूपचा ड्रमर जणू पत्रा ठोकत मोठा झाला आहे. पत्र्यावर खडूनं खूण करावी आणि नेमका तिथंच हातोडा पडावा, तसा त्याचा प्रत्येक ठोका पडत होता. कॉलेजचा तो ड्रमर तर एका डॉक्टरांचा मुलगा होता.

दुपारी एक तिशीचा माणूस ऑफिसात आला. हाताला ग्रीस, काखेत आमचा पेपर. माझ्या टेबलाशी उभा राहिला; बस म्हटलं तरी बसेना. मनहरण निषाद. भनपुरीत ट्रकची बॉडी बांधतात त्या शेडमध्ये डेंटर, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणारा.

“दीदी, ये जो पत्रा ठोकने वाला लिखा है,” तो हळू म्हणाला, “वो मैं हूँ. हम लोग पहले बजाए थे.”

मी पेपर ओढून ती ओळ पुन्हा वाचली. त्यानंच पुढचं सांगितलं. शेडच्या मागच्या खोलीत त्यांचा बँड सराव करायचा. मालकाला ती खोली टायर ठेवायला हवी होती. शेवटी मालक म्हणाला होता, शुक्रवारी वाजवा. पेपरात नाव आलं तर खोली तुमची, नाही आलं तर सोमवारी सकाळी रिकामी करा. “सुबह सब लोग पढ़े. सेठ हँसने लगे. बोले, ठोकता तू है और नाम डॉक्टर के लड़के का!”

तो भांडायला आला नव्हता. काही होईल का, एवढंच विचारत होता.

संध्याकाळी काका आले. मी त्यांना झालेलं सांगितलं, दुपारचा तो फोन सोडून. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती, सहा महिने पुरे व्हायला दोन आठवडे होते. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“उशिरा आलेल्या माणसानं लिवू नये,” ते म्हणाले. “मले हे मालूम होतं. तरी लिवलं.”

संपादक म्हणाले, पान अकरावर चार ओळींची ‘भूल सुधार’ देऊ. काका एकदम उठले. “चूक तीन परिच्छेद आन माफी चार ओळी? हे कोनतं माप आहे साहेब?”

रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. “गाडी काढ.” ते माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि आम्ही भनपुरीला गेलो. शेडमध्ये अर्धे कापलेले ट्रक उभे होते. मागच्या खोलीच्या दाराशी टायरांची चळत येऊन पडलेली होती. मालक साहूजी खाटेवर बसून चहा पीत होते.

काका त्यांच्यासमोर उभे राहिले. नमस्कार केला. म्हणाले, “सेठजी, पेपर में जो गलत छपा, वो मैंने लिखा था. तारीफ इनकी थी. मैं देर से आया, और बिना पूछे लिख दिया.”

मी शेजारीच उभी होते. बोलायला तीच वेळ होती. मी स्कूटरची किल्ली मुठीत धरून उभी राहिले.

साहूजी म्हणाले, “हव, चलो, गलती हो जाथे. पर अब तो छप गया.”

“अभी पूरा नहीं छपा,” काका म्हणाले. “एक बार और सुन लूँ?”

पोरांनी बाजा बाहेर मांडला. रविवार असूनही दहा-बारा कामगार होते; कोणी टायरावर, कोणी ट्रकच्या सांगाड्यात बसले. काका मनहरणच्या अगदी समोर, चार हातांवर उभे राहिले. या वेळी डोळे उघडे होते. एक गाणं मधेच थांबवून त्यांनी विचारलं, “ये जो बीच में तूने छोड़ दिया, एक ठोका, वो जानबूझकर?”

मनहरण लाजला. “कमरे में दीवार की तरफ से आवाज लौटती है ना अंकल. वो लौटने के लिए जगह छोड़ता हूँ. आदत पड़ गई.”

“मैदान में भी छोड़ा था. मैंने सुना था,” काका म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग माझ्याकडे वळून मराठीत, “पायलं का? खोली शिकवते माणसाले. आन हे टायर ठेवून राहिले तिथं.”

साहूजींना मराठी कळली की नाही, माहीत नाही. चहा मात्र त्यांनी सगळ्यांसाठी मागवला.

काकांनी तिथंच खाटेवर बसून दोन कागद लिहिले. संपादक म्हणाले, सरावाची समीक्षा कोणता पेपर छापतो? काका म्हणाले, ही शुक्रवारच्याच कॉन्सर्टची आहे, आधी छापली ती दुसऱ्याची होती. वाद चिघळायच्या आत मी मधे पडले. सोमवारी तिसऱ्या पानावर पाककृतींचं सदर असतं, ते एक दिवस मागं टाकता येईल, जागा बरोबर बसते, असं सांगितलं. तेवढंच मला जमलं. संपादकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

त्यात चौघांची पूर्ण नावं होती. शेडचं नाव होतं, खोली होती, सोडून दिलेला तो ठोकाही होता. आणि पहिलीच ओळ : ‘यह भूल केवल मेरी है.’ त्या पानाचं प्रूफ मी तपासलं. ‘केवल’ या शब्दावर माझं पेन थांबलं होतं. पुढं गेलं.

साहूजींनी ते पान कापून शेडच्या काचेला लावलं. टायर व्हरांड्यात गेले. बँड त्या खोलीत आणखी तीनेक वर्षं वाजत राहिला. मग गिटारवाला भिलाईला नोकरीला लागला आणि बाकीचे आपापल्या संसाराला.

काका रिटायर होऊन मुलाकडे गोंदियाला गेले, तेव्हा पुरवणी माझ्याकडे आली होती. त्यांच्यावर निरोपाचे दोनशे शब्द लिहायचे होते. काय लिहायचं याची मी नेहमीप्रमाणे यादी केली, आणि त्या यादीत पहिलं त्या दुपारच्या फोनचं लिहिलं. तसंच छापलं : क्रम बदलल्याचा निरोप मला मिळाला होता, मी तो नोंदवला नाही, चुकीचं नाव मी सांगितलं, खाली माझं पूर्ण नाव. एक अंक गोंदियाला पाठवला.

त्यानंतर दोन महिन्यांत काका गेले. त्यामुळे अंक मिळाल्यावर त्यांनी केलेला फोन मला शब्दन् शब्द आठवतो.

“वंदना, हे काय छापलं?”

“झालं ते छापलं, काका.”

“मले तवाच मालूम होतं. आयोजकाच्या माणसानं सोमवारीच सांगतलं, मॅडमले दुपारीच कळवलं होतं म्हणे.”

“मग बोलला का नाहीत?”

“काहून बोलू? तुझं पक्कं व्हायचं होतं. आन यादी तुझी चुकली असंन, कान तं माझे होते ना? कठड्याच्या पलीकडं जाऊन इचारलं असतं, तं तुझी यादी काय करत होती माझं?”

मग ते आवाज चढवून म्हणाले, “पण तू लय वाईट केलं. इतकी वर्षं लिवलं, माझ्या नावावर पेपरात एकच चूक होती. जपून ठेवली होती मी. तेबी तू आपल्या नावावर करून घेतली!”

मागून काकूंचा आवाज आला, “अहो, कोनासंग भांडून राहिले?”

“भांडून नाई राहिलो,” काका फोन बाजूला न करताच ओरडले. “वंदना आहे. चोरी केली तिनं आपल्या घरी.”

आणि मग ते हसायला लागले. काकूंना काही कळलं नसावं; तरी त्याही हसत होत्या.