गुजरातच्या नंबरात अडकलेले गेम

"आते, ते गेलं नाय. ते हाय तठंच. आमीच भायेर राहिलो."

दक्षानं हे सांगितलं तेव्हा तिची आते रखमी दुकानाच्या पायरीवर बसून पानाला चुना लावत होती. तिनं आतल्या स्क्रीनकडं मान वळवली. "भायेर कशी? दुकान तुझंच ना?"

"दुकान माझं, गेम माझे. चावी दुसऱ्याच्या खिशात."

आतेनं पान तोंडात कोंबलं. काचेतल्या मोटारी पळवायला लोक पैसे देतात हेच मुळात तिला पटलेलं नव्हतं.

दक्षा गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या झरीची. लग्नाआधी घोलवडला चिकू निवडायला जायची. दिवसभर वाकून कंबर गेली, तेव्हा ते काम सोडून तलासरी नाक्यावर गाळा घेतला. पुढं झेरॉक्स, मागच्या खोलीत चार कॉम्प्युटर. रविवारी बाजाराला आलेली माणसं तिथं तासावर गेम खेळत. सुरुवातीला, म्हणजे चौदा-पंधरा साली, सगळं सीडीवर चालायचं. सीडी आणायला मुंबईला जावं लागे. गिऱ्हाइकं सीड्या घरी मागून नेत. एखादी सीडी आसपासची वेवजी, गिरगाव अशी गावं करत हळदीच्या मांडवातून पिवळी होऊन परत यायची, ओरखडे पडलेली असायची, मधेच अडकायची. पण यायची खरी.

मग तिनं नेटवरच्या गेमच्या दुकानात खातं काढलं. ते तिला फार मानवलं. सणासुदीला तिथं गेम निम्म्याहून कमी भावात मिळत. ओरखड्याची भीती नाही, उंदीर कुरतडत नाही, मुंबईची खेप नाही. खोट होती ती वेगळी. गेम उतरवायला नेट रडत-रखडत चालायचं. एका खात्यावर एका वेळी एकच माणूस खेळणार, म्हणून बाकीच्या तीन मशीनवर जुन्या सीड्याच. आणि उसना द्यायचा म्हटला तर देता येत नाही, हातात धरण्यासारखं काही नाहीच. तरी गर्दी व्हायची ती त्या एका मशीनपुढं. बाकीची मशीनं तिथं नंबर लागेपर्यंत बसायला.

अठरा साली विजेचा दाब वरखाली झाला आणि तेच मशीन जळालं. दुरुस्त करून आणलं तर ते कोरं. खात्याचा पासवर्ड दक्षाला आठवेना, कारण आधी तो कधी टाकावाच लागला नव्हता. नवा हवा तर मोबाइलवर येणारा ओटीपीचा आकडा टाका, असं स्क्रीनवर आलं. मोबाइल नंबर कुठला, तर गुजरातचा.

आमच्याकडं हे असंच. झरीत घराच्या ओटीवर गुजरातचा टॉवर धरतो, नाक्यावर महाराष्ट्राचा. रोमिंग लागायचं तेव्हा घरोघरी दोन सिमं, आणि ज्याचं रिचार्ज स्वस्त ते चालू. दुसरं डब्यात, नाहीतर चुलीत. खातं काढलं त्या दिवशी फोनमध्ये गुजरातचं सिम होतं. पुढं रोमिंग गेलं, दक्षानं ते टाकून दिलं, आणि कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला दिला.

खातं उघडलं नाही तर मागची खोली बंद. नुसत्या झेरॉक्सवर गाळ्याचं भाडं सुटत नव्हतं. म्हणजे परत घोलवड, परत चिकू.

तिनं स्वतःच्याच जुन्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस गुजरातीत बोलला. ओटीपी येईल तो सांगा म्हटल्याबरोबर त्यानं फोन कापला. दुसऱ्यांदा ती घरच्या बोलीत बोलली. ह्या वेळी त्यानं ऐकून घेतलं. तो निघाला गुजरातेतल्या संजाणजवळच्या पाड्यावरचा तुक्या, ताडी काढणारा. तो म्हणाला, "फोनवर नाय सांगत मी. ये, तोंड दाखव."

दक्षा टमटम बदलत गेली. तुक्या झाडावर होता. खाली त्याची बायको नवशी मडकी धूत होती. तिनं आधी कूळ विचारलं, मग पाडा, मग झरीच्या हाल्याची तू कोण. हाल्या दक्षाचा चुलता निघाला आणि नवशीच्या माहेरच्यांचा सोयरा. तेव्हा कुठं बसायला गोणपाट मिळालं.

तुक्या उतरला. कंबरेच्या पिशवीतून फोन काढला, पण तिच्या हातात दिला नाही. "बँकेतलं जाईल सांगतात."

"तुझ्या बँकेत काय हाय?"

"काय नाय."

"मंग?"

"येल ना कधी."

नवशी हसली, पण तीही नवऱ्याच्याच बाजूची. आधी ते गेम दाखव म्हणाली. दक्षानं सांगितलं की उघडल्याशिवाय दिसणार नाहीत. मग असं ठरलं की दक्षानं आपला फोन मांडीवर उघडा धरायचा, नवशीनं त्यात बघत राहायचं, आणि तुक्यानं एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा. पैशाचं नाव दिसलं की तोंड बंद.

त्यानं वाचलं. दक्षानं टाकलं. नवशी जवळजवळ तिच्या खांद्यावरच आली होती. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, आणि मग एकेक करून चित्रं उतरली. मोटारी, फुटबॉल, ट्रॅक्टरची शेती.

"एवढ्यासाठी आलीस?" नवशीनं विचारलं.

"एवढंच हाय माझं," दक्षा म्हणाली. तिथंच बसून तिनं खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून आपला आताचा टाकला, आणि तुक्याकडून खात्री करून घेतली की त्याच्या फोनवर आता काही येत नाही.

तुक्या दुसऱ्या झाडाकडं निघून गेला. नवशीनं ताडी दिली ती पिऊन दक्षा परतली. दुपारी तिनं कोऱ्या मशीनवर पहिला गेम उतरवायला लावला. स्क्रीनवरची रेष मुंगीच्या पावलानं सरकत होती. बाहेर दाखल्यांच्या कागदांचा गठ्ठा घेऊन गिऱ्हाईक उभं होतं. तिनं झेरॉक्सचं झाकण उचललं आणि विचारलं, "दोनी बाजू काढू?"