तळाची वीस मिनिटं

नौदलातल्या माणसांना ड्यूटीवर सोलापूर जिल्ह्यात पाठवलं, असं सांगितलं की लोक आजही हसतात. एकाहत्तरच्या लढाईनंतर तीन-चार वर्षांनी आम्हाला पाठवलं, सहा आठवड्यांसाठी. सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना आमचा पांढरा गणवेश बघून एका टांगेवाल्यानं विचारलंच, "सायब, जहाज कुटं लावलंय?"

"वळसंगच्या हिरीत," बिरू म्हणाला. वळसंग माझं गाव.

लीडिंग सीमन बिरू मंगळवेढ्यापलीकडच्या माळावरचा. घरी मेंढरं. मी त्याच्या हाताखालचा सीमन. दोघंही डायव्हर. आमचे चीफ पेटी ऑफिसर केरळचे. ते कमी बोलायचे.

काम असं होतं. जिल्ह्यातल्या एका धरणाच्या दारात लोखंडी तुळई अडकली होती. खाली जाऊन ती वायररोपनं बांधायची, मग वरून क्रेन ओढणार. खोली शंभर फूट.

एवढ्या खोलीवर हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. थोडाच मुरला असेल तर माणूस सरळ वर येऊ शकतो. जास्त मुरला तर वाटेत थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर गोटी सोडा फोडल्यावर बाटलीत होतं ते रक्तात होतं. कोणत्या खोलीवर किती मिनिटं चालतात, याचा तक्ता असतो. समुद्रात शंभर फुटांना पंचवीस मिनिटं. आमचा जिल्हा समुद्रापेक्षा उंचावर, इथं हवेचा दाब कमी, म्हणून चीफनी पाच कापली. असा त्रास झालाच तर उपचाराची दाबाची टाकी मुंबईला होती.

"बीस मतलब बीस," चीफ म्हणाले.

ही वीस मिनिटं डोकं पाण्याखाली गेल्यापासून तळ सोडेपर्यंत मोजायची. उतरायचा वेळही त्यातच धरायचा. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

पण बिरू आणि मी पोहायला शिकलो ते विहिरीत. दोन्ही गावांत एकच खेळ होता, त्याला आम्ही 'बसणं' म्हणायचो. पोटाशी दगड धरून तळाला जायचं, हात गाळात घातला की मनात मोजायला लागायचं. येताना मुठीत गाळ आणला तरच आकडा खरा. जाण्यायेण्याचा वेळ कुणी धरतच नसे. त्याच्या गावात बिरूच्या आकड्याला कुणी पोचलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ऊन कोवळं होतं. पाणी इतकं स्थिर होतं की आम्ही बसलो होतो तो तराफा हवेत टांगल्यासारखा वाटत होता. चीफ पलीकडे क्रेनवाल्याशी बोलत होते. बिरूच्या कमरेचा दोर माझ्या हातात, मांडीवर पाटी आणि खडू. डोकं पाण्याखाली गेलं की वेळ लिहायची. बिरू गेला. त्याचे बुडबुडे वर यायला लागले, मोठे, सावकाश. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बघता बघता मला वळसंगची विहीर दिसायला लागली, पायऱ्यांवरचं ऊन, कठड्यावर वाकलेली पोरं. गढूळ पाण्यात चाचपडत उतरायला वेळ लागतोच. दोर हातातून सरकत होता. मी तिथं नव्हतोच.

मग दोराला एक हिसका. तळाला पोचलो, असा त्याचा अर्थ. मी भानावर आलो, घड्याळ पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ०९१०.

माझ्या हातानं विहिरीचा नियम पाळला. मला तेव्हा काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही.

०९३० ला मी चार हिसके दिले. वर ये. ०९३२ ला बिरू तराफ्यावर होता, काम पूर्ण करून. मास्क काढून माझ्याकडे बघून हसला. खोल पाण्यात नायट्रोजनची नशा चढते, तिथलं अजून त्याच्या डोळ्यांत होतं.

"तितं खाली मेंढरं चरत हुती रं," म्हणाला. "हिरव्या रानात. लई निवांत."

तेवढ्यात त्याच्या मनगटाकडे माझं लक्ष गेलं. पाण्यात शिरताना त्यानं घड्याळाची फिरती कडी मिनिटकाट्यावर लावली होती. खूण चौथ्या मिनिटावर होती, म्हणजे नऊ वाजून चार. सव्वीस मिनिटं. मी विचारलं.

"घड्याळ बघितलं न्हाईस?"

"बघितलं की. पर दोर हलला न्हाय. म्हटलं, वरच्याला ठावं."

१०१५ ला पायाला मुंग्या आल्या म्हणाला. १०३० ला त्याला उभं राहता येईना.

चीफ धावत आले. "लेफ्ट सरफेस टाइम?" पाण्यात शिरल्याची वेळ ते विचारत होते.

मी तोंड उघडलं. त्याआधी बिरूनं अंगठ्यानं कडी फिरवून खूण दहाव्या मिनिटावर, पाटीवरच्या वेळेवर आणली होती.

"गलती मेरा है, सर. मैंने इसको बोला था, रस्सी हिलेगा तब लिखना. कुएँ का आदत."

मी तोंड मिटलं.

जीपमधून कुर्डुवाडीला नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, "का बोललास तसं?"

"तुजी आय एकलीच हाय न्हवं? नोकरी ठेव."

कुर्डुवाडीहून रेल्वेनं मुंबई. तिसऱ्या दिवशी दुपारी, दाबाच्या टाकीत, बिरू गेला.

चौकशीत मी त्याचंच वाक्य सांगितलं. नोकरी राहिली, बढतीही मिळाली. नव्या पोरांना मी तोच तक्ता शिकवला, आणि वेळ कुठून मोजायची हे दरवेळी दोनदा सांगितलं. त्याच्या घरी जायचं मात्र टाळत राहिलो. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

दशक संपता संपता नोकरी सोडली आणि त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील विहिरीजवळ मेंढरं घेऊन बसले होते. ओळख सांगितली. त्यांनी माझ्यासाठी घोंगडं अंथरलं. 

"किती बसलं हुतं माजं पोरगं?" त्यांनी विचारलं. आवाजात अभिमान होता.

"सव्वीस मिनिटं, तात्या."

"लई बसला की."

"वीसच बसायचं ठरलं होतं. उतरतानाची सहा मी मोजलीच नाहीत. चूक माझी होती. त्यानं ती स्वतःवर घेतली."

 एक मेंढरू कठड्याशी गेलं, त्याला त्यांनी काठीनं मागं घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू मोजली न्हाईस. त्यानं मोजली आसतील."