मार्तंडने खाल्लेली थापड

मार्तंडने आयुष्यभर हिंगण्याच्या एका फाउंड्रीत साचे भरले. वाळू नीट ठोकली नाही की साचा ढासळतो, म्हणून त्याचं एकच म्हणणं असे: काम धरलं तर पुरतं करा. मी भट्टीवर होतो. ओतलेला माल घासायला प्रीतम. रिटायर झाल्यावरही आम्ही तिघं रोज संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या एका टपरीवर चहा प्यायचो.

मागच्या वर्षी मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी एक क्राइम फिल्म काढली. तीत लाचखोर पोलिस डिटेक्टिव्ह हवा होता. मार्तंडचा चेहरा रुंद, आवाज जाड. त्याला घेतलं. शेवटी लोक त्या डिटेक्टिव्हला चौकात घेरतात आणि ज्याच्या मुलाला त्याने खोट्या केसमध्ये गोवलं, तो बाप त्याला थापड मारतो. बापाचं काम मार्तंडनेच प्रीतमला मिळवून दिलं.

चूक तिथेच झाली. प्रीतमचा मुलगा रोशन खरोखरच चोरीच्या खोट्या केसमध्ये अडकला होता. निर्दोष सुटला, पण कारखान्यातली नोकरी गेली ती गेलीच. मार्तंडला वाटलं, याला काही शिकवावं लागणार नाही.

पण प्रीतमचा हात गालाजवळ आला की ढिला पडायचा. फिल्म काढणारी दीक्षा म्हणाली, "काका, जरा जोरात." पुन्हा तेच.

"काहून गा, माशी हाकलून राहिला का?" मार्तंड म्हणाला. सगळे हसले. प्रीतमही हसला.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला तेव्हा मार्तंड त्याच्याजवळ सरकला आणि कागदावर नसलेलं वाक्य बोलला. "बाप मजूर, पोरगं चोर. यात नवीन का हाय?"

प्रीतमचा हात असा बसला की मार्तंड आडवा झाला. प्रीतमने कॉलर धरून पुन्हा हात उचलला, तेव्हा आम्ही त्याला मागे ओढलं. मार्तंडच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. जमिनीवरूनच त्याने दीक्षाला विचारलं, "आलं ना बराबर?"

ते वाक्य खऱ्या पोलिस अधिकाऱ्याचं होतं. रोशनला पकडलं तेव्हा तो अधिकारी ठाण्यात प्रीतमला तसं बोलला होता. प्रीतमने ते आम्हा दोघांनाच सांगितलं होतं. घरी नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रीतम टपरीवर यायचा बंद झाला. मार्तंड त्याचाही चहा सांगत राहिला. तो गार व्हायचा.

दीक्षाला यातलं काही माहीत नव्हतं. तिने ते वाक्य फिल्ममध्ये ठेवलं. समाजभवनात फिल्म दाखवली तेव्हा थापडेला टाळ्या पडल्या. त्याआधीचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं. रोशनने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने वळून बापाकडे पाहिलं. प्रीतम उठून बाहेर गेला. मागोमाग मार्तंड, मागे मी.

"सीन बनावा म्हणून बोललो गा," मार्तंड म्हणाला. "तुले दुखवाले नाही."

"मी ते तुले सांगितलं होतं, मार्तंड. कामाले लावाले नव्हतं दिलं."

"मग मार अजून एक."

प्रीतम त्याच्या डाव्या बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "तुले मारून का होते? तो ठाण्यातला साहेब तर अजून खुर्चीवर बसून हाय. मार खाल्ला तू, अन् दोस्त गेला माझा."

मार्तंडला डाव्या कानाने आता ऐकू येत नाही. त्याने मान वळवून विचारलं, "का म्हनला गा?"

प्रीतम आत वळला. रोशनला घेऊन निघून गेला.

टपरीवर मार्तंड मला अजून विचारतो, प्रीतम त्या दिवशी काय म्हणाला. मी सांगितलेलं नाही.